पाठीवरची पेटी

दिवाळी तोंडावर आली की घरोघर भिंती झटकल्या जातात, आणि वर्षभर खिळ्यावर निमूटपणे लटकलेल्या तसबिरी त्या निमित्ताने खाली उतरतात. सुकापूरला आमच्या शेजारच्या घरी गेल्या वर्षी असाच एक फोटो खाली उतरला आणि त्याने आम्हा सर्वांची चार दिवसांची झोप घालविली.

सुकापूर म्हणजे पनवेलच्या अंगाला लागलेले, माथेरानच्या रस्त्यावरचे गाव. एके काळी भातखाचरे होती तेथे आता इमारती उभ्या आहेत. तरी पहाटे गच्चीवर गेले तर प्रबळगडाची रेघ अजून दिसते. शेजारचे कुटुंब मूळचे माणगाव तालुक्यातले. घरातल्या वहिनी आता ऐंशीच्या घरात आहेत. मी तारखात्यात आयुष्य घालविलेला माणूस. २०१३ साली सरकारने तारच बंद केली, पण माझ्या बोटांतले कडकट्ट काही बंद झाले नाही. जुनी यंत्रे आणि जुने फोटो हा माझा विरंगुळा, हे गल्लीत सर्वांना ठाऊक. तेव्हा वहिनींच्या मुलाने फोटो फडक्यात गुंडाळून आणला आणि म्हणाला, "काका, हे आमचे आजोबा. आई म्हणते, यांच्या पाठीवर बाँबची पेटी आहे. तुम्ही बघा बरे."

फोटो वीतभर रुंदीचा, कडा वाळवीने कुरतडलेल्या. दगडी भिंतीच्या आडोशाला दोन शिपाई. पुढचा गुडघ्यावर टेकलेला. त्याच्या पाठीवर पट्ट्यांनी आवळलेली चौकोनी पेटी, आणि पेटीतून वर गेलेली बारीक काठी फोटोच्या वरच्या कडेपलीकडे निघून गेलेली. दुसरा शिपाई त्याच्या पाठीमागे. कानांवर श्रवणयंत्र, हातात काहीतरी तोंडाशी धरलेले, आणि नजर त्या पेटीत. पुढच्याने एका हाताने बंदूक सावरून धरली आहे. त्याचा चेहरा अर्धवट वळलेला. कानाची वरची पाळी फाटलेली स्पष्ट दिसते.

"बाँब नव्हे रे," मी म्हणालो. "हे वायरलेस आहे."

येथे वाचकांना थोडे थांबविणे भाग आहे. लढाईतल्या फोटोत काठी लावलेली पेटी दिसली की आपण सरसकट 'वॉकी-टॉकी' म्हणून मोकळे होतो. खरे म्हणजे या नावाचा मान अमेरिकनांच्या एका विशिष्ट यंत्राचा. शिकागोच्या गाल्विन कंपनीने (हीच पुढे मोटोरोला झाली) १९४३ च्या सुमारास पायदळासाठी पाठीवर न्यावयाचा संच काढला, त्याचे लष्करी नाव एससीआर-३००. उभट पेटी आणि टेलिफोनसारखा हातात धरावयाचा बोलका, वाहणाराच बोलणारा. याच कंपनीने हातात मावणारा पाच पौंडांचा लहान संचही केला, तो 'हँडी-टॉकी'. त्याची काठी ओढून लांब केली की यंत्र आपोआप चालू होई. चित्रपटांनी या दोघांची इतकी सरमिसळ केली आहे की आता ती निस्तरणे कठीण.

ब्रिटिश आणि हिंदी पलटणींचे संच वेगळे. त्यांना नावे नाहीत, नुसते क्रमांक. १९ क्रमांकाचा संच रणगाड्यांत आणि गाड्यांत बसविलेला असे. त्यातून दूरच्या ठाण्याशी बोलता येई आणि रणगाड्यातल्या माणसांना आपसांतही. त्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. कॅनडात तयार झालेल्या कित्येक १९ क्रमांकी संचांच्या तोंडावर इंग्रजीच्या जोडीला रशियन अक्षरे छापलेली असत, कारण तेच यंत्र रशियाला मदत म्हणूनही रवाना होई. फोटोत ही अक्षरे पाहून रशियन फौजेचा भास होणारे लोक मला भेटले आहेत. २२ क्रमांकाचा संच गाडीतून किंवा खेचरावर लादून नेत आणि जमिनीवर मांडून चालवीत. ३८ क्रमांकाचा लहानसा. तो शिपायाच्या छातीशी किंवा कमरेशी अडकविलेला असे, बॅटरी वेगळ्या थैलीत, आणि मायक्रोफोन चक्क गळ्याला पट्ट्याने बांधलेला. गळ्याला काही बांधलेले दिसले की जखमेची पट्टी समजू नये.

टेलिफोनही फसवितो. चामडी किंवा कॅनव्हासच्या पिशवीतला, बाजूला फिरवावयाची मूठ असलेला खड्ड्यातला फोन पुष्कळ फोटोंत असतो, आणि बोलका हातात दिसला की पाहणारा त्यालाच वायरलेस म्हणतो. तेथे नजर जमिनीवर ठेवावी. तार दिसली की तो फोन. ही तार तोफगोळ्याने तुटे, खेचरांच्या खुरांनी तुटे, आपल्याच गाड्यांच्या चाकांखाली तुटे. आणि दुरुस्तीला रात्री-अपरात्री लाइनमन बाहेर पडे. माझ्या स्वतःच्या खात्याचा माणूस म्हणून त्या लाइनमनविषयी मला अंमळ जास्त जिव्हाळा आहे, हे कबूल केलेले बरे.

आता आपल्या फोटोकडे वळू. पेटी एकाच्या पाठीवर आणि यंत्र चालविणारा दुसराच: ही खूण १८ क्रमांकाच्या संचाची. १९४० च्या सुमारास आलेला हा संच पलटणीच्या मुख्य ठाण्यापासून पुढच्या कंपन्यांपर्यंत बोलण्यासाठी होता. वजन तीस पौंडांवर, म्हणजे पंधरा किलोंच्या आसपास. आत काचेचे व्हॉल्व्ह आणि जड कोरडी बॅटरी. ती उतरली की नवी येईपर्यंत सारे मुके. काठीचे तुकडे एकात एक खोवून ती दहा-अकरा फुटांपर्यंत उंच करता येई. कागदोपत्री काही मैलांचा पल्ला. पण डोंगर मध्ये आला की मैलाचीही खात्री नसे. एका वेळी एकानेच बोलावयाचे, आणि संपले की 'ओव्हर' म्हणून गप्प बसावयाचे. आजची मुले खेळात 'ओव्हर अँड आउट' म्हणतात, ते चूक. 'ओव्हर' म्हणजे 'आता तू बोल', आणि 'आउट' म्हणजे 'माझे संपले, उत्तर नको'. दोन्ही एकदम कशी म्हणणार?

एवढे सारे मी वहिनींच्या ओटीवर बसून उत्साहाने सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे मामंजी बोलत नव्हते? नुसते ओझे वाहत होते?"

या प्रश्नाला पटकन उत्तर सुचेना. मी म्हणालो, "वहिनी, ती काठी पाहिलीत? शत्रूलाही ती दुरून दिसे. काठी दिसली की तेथे अधिकारी आहे, हुकूम तेथून सुटतात, हे त्याला कळे. त्या काठीखाली स्थिर बसून राहावयाचे, म्हणजे मागच्याला बोलता येईल, हे त्यांचे काम होते."

त्या काही बोलल्या नाहीत. मग आत जाऊन चहा टाकून आल्या आणि खरी गोष्ट सांगितली. हा फोटो पूर्वी दर्शनी खोलीत होता. पण माणगावचे त्यांचे चुलत दीर एकदा आले, फोटोजवळ जाऊन न्याहाळून म्हणाले, "हा काही आमचा काका नव्हे. काकाचा उजवा कान बैलाने शिंग मारून फाडला होता, सबंध गावाला ठाऊक आहे. याचा डावा फाटलेला आहे. सरकारी फोटो कोणाचाही असेल. काकाने आणला आणि तुम्ही लावलात." झाले. यजमान होते तोवर फोटो भिंतीवर राहिला. पुढे कोणी पाहुणा पुन्हा तेच बोलू नये म्हणून वहिनींनी तो माजघरात कपाटामागे नेऊन लावला. मामंजींना जाऊन तीस वर्षांच्या वर झाली. लढाईविषयी ते कधी बोलले नाहीत. घरात एवढेच ठाऊक, की 'बर्म्याच्या लढाईत होते'. तरुणपणचा त्यांचा दुसरा फोटो नाही.

फोटो घेऊन मी घरी आलो आणि भिंग लावून बसलो. पेटीचे झाकण उघडे आहे आणि तोंडावरची एक पट्टी तिरकी दिसते. पट्टीवरची अक्षरे धूसर. दोन इंग्रजी आकडे मात्र बऱ्यापैकी उमटलेले. मी वाचले : ८१. मी चक्रावलो. आकार १८ चा, माणसे १८ च्या पद्धतीने बसलेली, आणि आकडा ८१! पायदळाच्या पाठीवर ८१ क्रमांकाचा संच माझ्या पाहण्यात कधी आला नव्हता. दोन रात्री मी पुस्तके उलथीपालथी केली. तिसऱ्या रात्री दात घासताना समोरच्या आरशात माझ्या बनियनवरचा छाप उलटा दिसला, आणि ब्रश तोंडात तसाच राहिला. इंग्रजी एक आणि इंग्रजी आठ हे दोन्ही आकडे आरशात जसेच्या तसे दिसतात. बदलते ती फक्त त्यांची जागा. आरशात १८ चे ८१ होते!

निगेटिव्ह कागदावर उतरविताना ती चुकून पालथी ठेवली गेली, तर सबंध फोटो उजव्याचा डावा होतो. जुन्या छापखान्यांत आणि वर्तमानपत्रांत हे सर्रास घडे. पण एका धूसर पट्टीवर एवढा मोठा निकाल देणे बरे नव्हे. तारखात्यात आम्ही शंकास्पद शब्द पुन्हा मागवून घेत असू. तेव्हा मी फोटोतले दुसरे साक्षीदार शोधले. पहिली साक्ष बंदुकीची. त्या काळच्या ली-एनफिल्ड रायफलीचा बोल्ट ओढावयाची मूठ उजव्या अंगाला असते. आपल्या फोटोत ती डाव्या अंगाला होती. दुसरी साक्ष विजारीची. ब्रिटिश पद्धतीच्या गरम 'बॅटल-ड्रेस'च्या विजारीला नकाशासाठी मोठा खिसा डाव्या मांडीवर आणि जखमेच्या पट्टीसाठी लहान खिसा उजवीकडे असे. फोटोत मोठा खिसा उजव्या मांडीवर. तीन साक्षी एका तोंडाने बोलल्या. फोटो उलटा छापलेला होता. आणि फोटो उलटा, तर फाटलेला कान उजवा!

या विजारीने आणखी एक काम केले. जाड लोकरीचा तो पोशाख ब्रह्मदेशच्या जंगलातला नव्हे. तेथे हिरव्या रंगाचे हलके सुती कपडे. मराठा पलटणी ब्रह्मदेशच्या आघाडीवर होत्याच. १९४४ च्या मार्चमध्ये मणिपुरातल्या संगशाकला मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण जपान्यांशी झुंजली. पण दगडी भिंत, अर्धगोल कौलांचे छप्पर आणि लोकरीचा डगला एकत्र आले, की माझे बोट नकाशावर इटलीकडे जाते. कारण वायरलेस नव्हे, हे लक्षात ठेवावे. १८ क्रमांकाचा संच दोन्ही आघाड्यांवर होता. पेटी माणसाचे काम सांगते; मुलूख सांगावयाला कपडे आणि भिंती लागतात.

इटलीची ती मोहीम आपल्याकडे फारशी कोणाला आठवत नाही, आणि याचे मला नेहमी नवल वाटते. चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन हिंदी डिव्हिजन तेथे लढल्या. पाच हजारांवर हिंदी सैनिक परत आले नाहीत. त्यांत आपल्याच जिल्ह्याचे नाईक यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातले पळसगाव हे त्यांचे गाव. मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीचा हा बावीस वर्षांचा नाईक. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी तुकडीतले इतर सारे मशिनगनच्या माऱ्यात पडले, तेव्हा तो एकटा त्या मशिनगनवर धावून गेला, ती त्याने बंद पाडली, आणि शेवटी लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावी त्यांच्या स्मरणार्थ छायाघड्याळही उभे राहिले.

दुसरे नाव नामदेव जाधव यांचे, गाव संगमनेर तालुक्यातले निमज. यांची गोष्ट आपल्या विषयाशी अगदी लागून आहे, कारण हे कंपनीचे 'रनर' होते. रनर म्हणजे निरोप्या. वायरलेस आले तरी निरोप्या गेला नव्हता. बॅटरी उतरे, काठी मोडे, पाण्यात पेटी भिजे. मग पायांनीच निरोप न्यावा लागे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदी ओलांडताना त्यांनी दोन जखमींना पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे सुखरूप पोचविले. मग परत फिरून शत्रूची मशिनगनची तीन ठाणी उद्ध्वस्त केली, आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना करीत पलीकडच्या साथीदारांना हाताने खूण करून बोलावून घेतले. नदीपलीकडे निरोप पोचवावयाचा, तर त्या घटकेला तोच मार्ग होता. तेही व्हिक्टोरिया क्रॉस घेऊन घरी परतले.

या गोष्टीला आणखी एक बाजू आहे, ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. कोकणातला एखादा पोर खाकी चढवून वायरलेसची पेटी पाठीवर घेत होता, त्याच १९४२ साली मुंबईत तशीच यंत्रे जवळ बाळगणे हा गुन्हा होता. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी ऑगस्टअखेरपासून चोरून काँग्रेस रेडिओ चालवीत होते, जागा बदलीत, पोलिसांना हुलकावण्या देत. नोव्हेंबरात तो पकडला गेला आणि उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. दोन्ही ठिकाणी माणसे आपलीच. घराघरांतून खाकीतल्या आजोबांचे फोटो माजघरात का गेले, याचे एक कारण मला येथे दिसते. कानाची गोष्ट पुष्कळदा नुसते निमित्त असते.

असो. नरकचतुर्दशीच्या सकाळी फराळाला बोलावणे आले तेव्हा मी फोटो घेऊन गेलो. बंदुकीची मूठ दाखविली, खिसा दाखविला, १८ चे ८१ कसे झाले ते कागदावर काढून दाखविले. मुलाने लगेच माणगावला फोन लावला. दीर पंच्याऐंशीच्या पुढचे. त्यांना नीट ऐकू येत नाही. मुलगा ओरडून सांगत होता, "काका, फोटो उलटा छापलाय! उलटा!" पलीकडून बराच वेळ काही नाही. मग आवाज आला, "मग सुलटा करून लावा की. मला काय विचारता?" सारे हसले. मला वाटते, त्यांच्याकडून एवढे येणे म्हणजे पुष्कळ झाले.

मी वहिनींना सांगितले, की हा फोटो बर्म्याचा नव्हे, बहुतेक इटलीचा. मामंजी पुढे-मागे ब्रह्मदेशात गेलेच नाहीत असे काही हा फोटो म्हणत नाही. तो फक्त त्या एका क्षणापुरते बोलतो. बाहीवरचा एक चौकोन खरवडून पांढरा केलेला आहे, तो सेन्सॉरचा हात. खांद्यावरचे डिव्हिजनचे चिन्ह शत्रूला कळू नये म्हणून ते असे पुसून टाकीत. तेव्हा डिव्हिजन कोणती, हे त्या फोटोवरून मी सांगणार नाही. नोकरीचे कागद मागविता येतात. त्यावर ते असेल.

"इटली," वहिनी स्वतःशीच म्हणाल्या. मग एकदम थांबल्या. "भावोजी, एक विचारू? मामंजींना चहा दिला ना, की कप घेताना म्हणायचे, 'ग्राचे, ग्राचे'. नवी सून होते मी. मला वाटायचे, चहात काहीतरी कमी पडले म्हणून म्हणतात. सासूबाईंना विचारले तर म्हणाल्या, त्यांची ती सवयच आहे, लक्ष देऊ नकोस."

मी त्यांना सांगितले, की इटालियन भाषेत 'आभारी आहे' याला तसाच काहीसा शब्द आहे.

त्यांनी फोटो मांडीवर घेतला. मुलाला म्हणाल्या, "माझ्या फणीच्या डब्यातला आरसा आण रे." त्याने तो लहान गोल आरसा आणून दिला. चष्मा पुसून त्यांनी तो फोटोपुढे धरला, जरा मागे-पुढे केला, आणि आत पाहू लागल्या. बाहेर पोरे लवंगी फटाके लावीत होती. बराच वेळाने त्या आरशातच पाहत म्हणाल्या, "हो. हे मामंजीच."